दोन बोटं आभाळ

यादवकाका कुणाच्या घरी गेले की पाणी मागत नाहीत, रिमोट मागतात.

आमच्या गल्लीतले एक आजोबा वारले तेव्हा आम्ही शेजारीपाजारी त्यांच्याकडे बसायला गेलो होतो. घरातल्यांनी टीव्हीवर लेकीच्या लग्नाची जुनी सीडी लावली होती. तीत गेलेले आजोबा फेटा बांधून, मुठीत अक्षता घेऊन मांडवभर फिरत होते. बायका पदर डोळ्यांना लावून बघत होत्या. यादवकाकांनी दारात चपला काढल्या, हात जोडले, टीव्हीकडे एकदा पाहिलं आणि आजोबांच्या मुलाच्या कानाशी जाऊन विचारलं, "रिमोट कोठी आहे गा?"

मुलाला वाटलं, आवाज कमी करायचा असेल. त्यानं रिमोट दिला. काकांनी तीन-चार बटणं दाबली. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मधल्या चौकोनात फुगलेले आजोबा एकदम सडपातळ झाले.

"बुढा असा जाडा नव्हता कधी," काका म्हणाले. "ताणून ठेवला होता बिचाऱ्याले."

आजी सकाळपासून दगडासारख्या बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून टीव्हीकडे पाहिलं आणि मोठ्यानं रडायला लागल्या. "हेच, असेच दिसत होते!" सगळं घर नव्यानं रडू लागलं. काका रिमोट जागेवर ठेवून भिंतीला टेकले. त्यांचा चेहरा हातून पुण्यकर्म झाल्यासारखा शांत झाला होता. थोड्या वेळानं माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "शार्पनेस बी जास्त आहे, म्याडम. पन आज नको. तेरवीले पाहू."

आमच्या पवनी गावात आता सगळ्यांना याची सवय झाली आहे. चौकातला सलूनवाला काका येताना दिसले की रिमोट फेसाच्या डब्यामागे लपवतो. कारण एकदा अर्धी दाढी झालेली असताना काका गळ्यातल्या पांढऱ्या कापडासकट खुर्चीतून उठले आणि क्रिकेटच्या सामन्यातलं गवत कमी हिरवं करून आले. सलूनवाला म्हणाला, "काका, हा सामना परदेशात आहे. तेथं गवत असंच राहते."

"काहून? तेथं गवताले रंग देतेत का?" काकांनी विचारलं आणि उरलेली अर्धी दाढी करून घ्यायला बसले.

एका लग्नात मोठ्या पडद्यावर नवरीचं चित्र आडवं ताणलेलं दिसत होतं. काका जेवणाच्या पंगतीतून उठून, उष्ट्या हातानं, पडदा चालवणाऱ्याकडे गेले आणि नवरीची लांबी-रुंदी दुरुस्त करून आले. तोवर नवरदेवाकडच्या बायका "नवरी अंगानं भरलेली आहे बाप्पा" असं बोलत होत्या. दुरुस्तीनंतर त्याच बायका "पोरगी आजारी-बिजारी तं नाई ना?" असं विचारू लागल्या. नवरीच्या मामांनी काकांना हात धरून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं, टीव्हीबिव्ही काही नाही अशा जागी.

काका जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीची सगळी वर्षं शेतांच्या कडेनं साखळी ओढत आणि झेंड्या रोवत फिरण्यात गेली, त्यामुळे त्यांचं बोलणंही मोजणीचंच. बाकावर कुणी जरा जवळ सरकून बसलं की "अतिक्रमण करून राहिले तुमी" म्हणतात. वरणात मीठ जास्त पडलं तर "हद्दीच्या बाहेर गेलं" म्हणतात. आणि कुठलीही गोष्ट पटवून द्यायची असली की शेवटी "हद्द म्हंजे हद्द" असं म्हणून हात झटकतात. मग पुढे वाद घालायची सोय राहत नाही.

मी पवनीच्या एका शाळेत चित्रकला शिकवते आणि काकांच्या समोरच्या घरात भाड्यानं राहते. काकांच्या लेखी टीव्हीवर दिसतं ते चित्र, आणि मी चित्राची म्याडम. तेव्हा टीव्ही हा माझ्याच खात्यातला विषय. मला टीव्हीतलं काहीही कळत नाही हे मी त्यांना अनेकदा सांगून पाहिलं आहे. ते म्हणतात, "तुमाले रंग समजते ना? मंग झालं."

या सगळ्याची सुरुवात त्यांच्या मुलानं केली. तो पुण्याला असतो. काकू गेल्यानंतर काका घरात एकटेच. एका दिवाळीला मुलगा मोठा नवा टीव्ही घेऊन आला आणि सोबत हॉस्टेलच्या दिवसांतला आपला जुना व्हिडिओ गेम. काळा डबा, दोन कंट्रोलर, आणि मोटारींच्या शर्यतीचा एकच खेळ. जुन्या डब्याला पिवळी, लाल आणि पांढरी अशी तीन टोकांची वायर. ती नव्या टीव्हीला लावली तर चित्र असं आलं, जणू कुणी पाटीवर काढून ओल्या हातानं पुसलं आहे.

त्या दिवाळीला मुलानं आणखी एक गोष्ट केली. त्यानं भिंतीपलीकडून श्रावणकाकांना बोलावलं.

श्रावणकाका म्हणजे यादवकाकांचे सख्खे धाकटे भाऊ. शेती करतात, धान पिकवतात, तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो. त्यामुळे आभाळाकडे तोंड करून बोलतात. दोघा भावांचं बोलणं बंद आहे. वडील गेल्यावर घराची वाटणी झाली, ती अर्थात यादवकाकांनीच मोजली, आणि मधे भिंत उभी राहिली. श्रावणकाकांचं म्हणणं, भिंत आपल्याकडे वीतभर सरकली आहे. "मोजनारा बी थोच अन् घेनारा बी थोच," ते म्हणतात. यादवकाकांनी भिंत पुन्हा मोजून दाखवायची तयारी दाखवली. श्रावणकाका म्हणाले, टेप कुणाची? तिथे बोलणं थांबलं ते थांबलंच.

पण पुतण्यानं हाक मारली म्हणून श्रावणकाका आले. दोघांच्या हातात एकेक कंट्रोलर दिला. टीव्हीचे आडवे दोन भाग झाले. वरच्या अर्ध्यात यादवकाकांची लाल गाडी, खालच्या अर्ध्यात श्रावणकाकांची निळी. दोघांच्याही गाड्या बराच वेळ भिंतींवर आपटत राहिल्या. शेवटी निळी गाडी उलट्या दिशेनं का होईना पण आधी पोहोचली असं श्रावणकाकांनी जाहीर केलं. मुलगा दोन दिवसांनी पुण्याला परत गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी श्रावणकाका दारात येऊन खोकले आणि चौकटीला म्हणाले, "त्या दिवसचा डाव अर्धाच राह्यला."

तेव्हापासून रोज संध्याकाळी भाऊ खेळतात. एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायचंच असलं तर मधे कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे शाळा सुटून आलेली मी.

"सांगा त्यायले, धक्का देऊ नका म्हना," श्रावणकाका छताकडे बघत म्हणतात.

"सांगा त्याले, रस्ता सरकारी आहे म्हना," यादवकाका म्हणतात.

दोघं एकाच गादीवर बसलेले असतात. मी सांगितलं काय आणि नाही काय, दोघांनाही ऐकू आलेलंच असतं. तरी मी सांगितल्याशिवाय कुणी उत्तर देत नाही.

चित्राचं वेड यादवकाकांना तिथून लागलं. आपण हरतो ते चित्र धूसर आहे म्हणून, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी मुलाला फोनवर विचारून विचारून हैराण केलं आणि जे कळलं ते मला त्यांच्या भाषेत समजावलं.

"हे पाहा म्याडम, टीव्ही म्हंजे एक मोठं शेत समजा. त्यात बारीक बारीक बांध्या पाडल्या आहेत. नवीन टीव्हीत लय बांध्या. अन् ह्या जुन्या डब्याजवळ बियानं थोडं. मंग टीव्ही काय करते? तेवढंच बियानं साऱ्या बांध्यायत पसरवते. म्हनून धान इरळ दिसते."

"मग यावर उपाय काय, काका?"

"एक तं बियानं चांगल्या वाटेनं आलं पायजे. ते पिवळी वायर म्हंजे बैलबंडीचा रस्ता होय. अन् दुसरं, टीव्हीनं आपली अक्कल चालवाले नाई पायजे. शार्पनेस, अमकं, ढमकं, सारं शून्य."

त्यानंतरचे काही महिने त्या घरात जे चाललं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वायरीला स्वयंपाकघरातला चकाकता कागद गुंडाळला गेला. फ्रीज संध्याकाळी बंद राहू लागला आणि दूध माझ्याकडे येऊ लागलं. खिडकीचा उजेड काचेवर पडतो म्हणून खिडकीला वाकळ टांगली. तरीही पडद्यात काहीतरी पांढरं हलताना दिसे. ते मी होते. "म्याडम, उद्या येतानी गडद लेवून या," काका म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी शाळेतून घरी जाऊन, साडी बदलून, काळ्या पोशाखात व्हिडिओ गेम बघायला गेले. श्रावणकाकांनी दचकून विचारलं, "कोन गेलं, वो म्याडम?"

मग चक्कीचं प्रकरण झालं. गल्लीच्या टोकाला पिठाची चक्की आहे. ती सुरू झाली की चित्रात आडव्या लाटा येतात हे काकांनी शोधून काढलं. ते चक्कीवाल्याकडे गेले आणि शर्यतीच्या वेळात चक्की बंद ठेवण्याची विनंती केली. चक्कीवाला भला माणूस. त्यानं आपली चहाची वेळ बदलली. तेव्हापासून रोज संध्याकाळी डबे घेऊन आलेल्या बायका चक्कीसमोर ओळीनं बसून राहतात आणि दोन म्हातारे शर्यत कधी संपवतात याची वाट बघतात. मधूनच एखादी दारात येऊन विचारते, "झालं का वो काका? भाकरी टाकाच्या आहेत."

"शेवटचा फेरा आहे," आतून उत्तर येतं.

रंगांच्या बाबतीत एक चूक माझ्याकडून झाली. काकांनी एकदा खेळातल्या आभाळाकडे बोट दाखवून विचारलं, "हा निळा बराबर आहे का?" मी सहज म्हणून गेले, "जरा जांभळट वाटतोय." पुढचा आठवडाभर काका दारात येऊन गावातल्या जुन्या किल्ल्याच्या परकोटावरचं आभाळ बघायचे, ते डोळ्यांत धरून, पापणी न मिटता घरात धावायचे आणि रिमोट दाबायचे. वाटेत उंबऱ्याला दोनदा ठेच लागली. तिसऱ्या दिवशी ढग आले आणि खेळातलं आभाळ राखेच्या रंगाचं झालं. श्रावणकाका म्हणाले, "सांगा त्यायले, पानी येते म्हना, गाडी झाकून ठेवा."

मग पुण्याहून पाच टोकांची नवी वायर आली. ती लावली आणि चित्र खरोखर सुधारलं. रस्त्यावरचे पांढरे पट्टे दिसू लागले. गाड्यांचे नंबर वाचता येऊ लागले. रस्त्याच्या कडेला आपण ज्याला इतके दिवस म्हैस समजत होतो तो पेट्रोलपंप आहे हे दोघांनाही कळलं. यादवकाकांना इतका आनंद झाला की त्यांनी मलाच पेढा दिला, आणि दुसरा पेढा "त्याले द्या" म्हणून माझ्याच हातावर ठेवला.

भांडण त्याच संध्याकाळी सुरू झालं.

चित्र धूसर होतं तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता साफ दिसू लागल्यावर श्रावणकाकांनी पडद्याजवळ जाऊन खालच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे रस्त्याचा छोटा नकाशा असतो आणि आपला कितवा नंबर आहे ते लिहिलेलं असतं. त्यातलं अर्धंच दिसत होतं. उरलेलं टीव्हीच्या काठाखाली गेलं होतं.

"सांगा त्यायले," श्रावणकाका खर्रा थुंकून येऊन म्हणाले, "माहा हिस्सा कापला. येथं बी."

"येथं बी" हे दोन शब्द यादवकाकांना लागले. त्यांचा चेहरा उतरला. वरच्या अर्ध्यात राहतो तो आपण, खालचा कापला जातो तो भाऊ, आणि टीव्ही आपला. कितीही समजावलं तरी ही गोष्ट वाईटच दिसत होती.

"सांगा त्याले, हे टीव्ही करते म्हना. साऱ्याच बाजूनं कडा खाते."

"मंग त्यायचं काहून नाई कापलं?"

"कापलं ना! वरून मोजा म्हना."

आणि मग मोजणी झाली. रविवारी दुपारी यादवकाकांनी चष्मा पुसला, टेप काढली, टीव्हीच्या काचेवर पांढरा दोरा आडवा चिकटवला आणि मला पंच म्हणून खुर्चीवर बसवलं. श्रावणकाकांनी आपली टेप आणली. दोन्ही टेपा एकमेकींशी ताडून बघितल्या गेल्या. खेळ थांबवून ठेवला होता. मुलानं पुण्याहून त्याच खेळाचं, त्याच जागेचं पूर्ण चित्र इंटरनेटवर शोधून फोनवर पाठवलं होतं, त्याच्याशी एकेक कड मिळवली. निकाल असा लागला की खालून दोन बोटं गेली होती आणि वरूनही दोन बोटं गेली होती. अगदी सारखी.

यादवकाकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "पाहा म्याडम. हद्द म्हंजे हद्द. दोघायचं सारखं गेलं."

श्रावणकाकांनी आपली टेप गुंडाळली. मग म्हणाले, "त्यायचं काय गेलं?"

"वरचं," मी म्हणाले.

"वर काय आहे?"

मी पाहिलं. "आभाळ."

"आभाळ!" श्रावणकाकांनी दोन्ही हात वर केले. "माहा नकाशा गेला, माहा नंबर गेला, अन् त्यायचं गेलं आभाळ! आभाळाचा काय भाव चालू आहे, म्याडम?"

मोजणी बरोबर होती आणि तरीही वाटणी चुकली होती. शेवटी यादवकाका म्हणाले, "सांगा त्याले, आपन जागा बदलू. थो वर, मी खाली."

मला वाटलं, प्रश्न सुटला. पण श्रावणकाका गडबडले. इकडेतिकडे बघितलं, खर्र्याची पुडी काढली, परत खिशात ठेवली. "नाई नाई," ते म्हणाले. "मोठ्यायनं वरच राहाव. माहं काय, मी कापलेल्या हिश्श्यात बी भागवीन." आणि कंट्रोलर उचलून खेळायला बसले.

यानंतर श्रावणकाका रोज ठरल्या वेळेच्या आधीच येऊ लागले. आल्या आल्या वाकून खालची कड तपासायची, बोट लावायचं, "कापूनच राह्यलं" असं भिंतीला सांगायचं आणि मग बसायचं. हरले की नकाशा नव्हता म्हणून हरले. जिंकले तर नकाशा नसूनही जिंकले. आवाज इतका वाढायचा की चक्कीसमोरच्या बायका डबे सोडून खिडकीशी यायच्या आणि वाकळीच्या फटीतून बघायच्या.

यादवकाका मात्र आतून पेटले होते. भावाचा हिस्सा पुरा करून द्यायचा, एवढंच त्यांना दिसत होतं. ते भंडाऱ्याला गेले, तिथून एक डबी आणली. जुन्या डब्याचं चित्र त्या डबीतून नव्या टीव्हीला जायचं. तिनं चित्र पूर्ण दाखवलं, पण बटण दाबल्यावर गाडी जरा वेळानं वळायची. श्रावणकाका म्हणाले, "सांगा त्यायले, हे गाडी होय का सरकारी हापिस?" डबी परत गेली. मग नागपूरहून दुसरी आणली. तीही कडा खात होती. काका रात्रंदिवस रिमोट हातात घेऊन टीव्हीच्या मेनूत शिरलेले असायचे. एका दुपारी शाळेला सुट्टी होती, मी घरीच होते. समोरून आरोळी आली, "सापडलं!"

मेनूच्या अगदी तळाशी एक ओळ होती. ओव्हरस्कॅन. तिच्यापुढे लिहिलं होतं, चालू.

"ओव्हरस्कॅन," काका म्हणाले. "अतिक्रमनच होय हे, म्याडम. इंग्रजीतलं." त्यांनी बटण दाबलं. ओव्हरस्कॅन, बंद. चित्र हलकेच आत सरकलं आणि चारही कडा मोकळ्या झाल्या. खाली अख्खा नकाशा, त्याच्या बाजूला नंबर. वर दोन बोटं आभाळ, जे इतके दिवस कुणी पाहिलंच नव्हतं. त्यात एक पक्षीही होता.

संध्याकाळी श्रावणकाका आले, वाकले, कडेला बोट लावलं. बोट तिथेच राहिलं. त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात बघितलं. मग सरळ उभे राहिले. यादवकाका गादीवर ताठ बसले होते, परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तसे.

दोघं खेळले. चित्र इतकं सुंदर होतं की मलाही रस्ता समजत होता. श्रावणकाका हरले. नकाशाचं नाव काढायची सोय नव्हती. आणखी एकदा हरले. कंट्रोलर खाली ठेवला, गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगा त्यायले, बराबर झालं म्हना." आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. धानाची कापणी सुरू होती, म्हणून नसतील आले, असं यादवकाका म्हणाले. मग कापणी संपली. काका रोज संध्याकाळी फ्रीज बंद करत, काच पुसत, दोन्ही कंट्रोलर गादीवर शेजारी शेजारी ठेवत आणि बसून राहत. एकट्यानं खेळायचा प्रयत्न केला तेव्हा चित्राचे दोन भाग झाले नाहीत. अख्ख्या पडद्यावर एकच लाल गाडी, आजूबाजूला सगळा मोकळा रस्ता. त्यांनी ते बंद करून टाकलं. चक्कीवाला मात्र सवयीनं चक्की थांबवून चहा पीत बसलेला असायचा.

चक्कीवरच मला श्रावणकाकांची बायको भेटली. मी विचारलं, काका बरे आहेत ना?

"चांगले ठनठनीत आहेत," काकू म्हणाल्या. "संध्याकाळ झाली की आंगनात फेऱ्या मारतेत, भितीपावतर जातेत अन् वापस येतेत. मी म्हनलं, जा ना खेळाले. तं म्हन्तेत, आता कायले जाऊ? आता तं काही सांगाचंच नाई राह्यलं."

मी घरी आले आणि हे यादवकाकांना सांगावं की नाही या विचारात समोर गेले. काका टीव्हीसमोर उभे होते. हातात रिमोट. टीव्हीवर मेनू उघडा. मला बघून दचकले नाहीत.

"म्याडम, नोकरीत मी लय धुरे, शेताशेतामधले बांध मोजले," ते टीव्हीकडेच बघत म्हणाले. "जेथं भांडन, तेथं आपन. खुना पक्क्या करून द्याव, लोक खुश. मंग काही वर्सानं त्याच रस्त्यानं जाव तं काय दिसे? जेथं खुना पक्क्या लागल्या, तेथचे लोक एकमेकाच्या शेतात पाय नाई ठेवत. अन् जेथं कच्चा धुरा राह्यला, तेथं दोघं बी रोज धुऱ्यावर. एक इकून उभा, एक तिकून. तोंड चालूच."



त्यांनी बटण दाबलं. चित्र फुगलं, कडा काठाखाली गेल्या, नकाशा अर्धा झाला, पक्षी दिसेनासा झाला. काकांनी रिमोट ठेवला, मागच्या दारानं अंगणात गेले आणि भिंतीजवळ उभं राहून, कुणालाच नाही अशा आवाजात, मोठ्यानं म्हणाले, "म्याडम, पाहा बरं, हे तं पुन्हा कापून राह्यलं वाटते!"

मी खोलीत होते. काका भिंतीशी बोलत होते.

पलीकडून खोकला आला.

श्रावणकाका आले तेव्हा चपला दारात नीट न काढताच आत शिरले. वाकले, खालच्या कडेला बोट लावलं. "कापलं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की त्यांनाच तो जाणवला असावा, कारण पुढचं वाक्य त्यांनी रागानं म्हटलं. "सांगा त्यायले, हेच होनार होतं, मले मालूम होतं!"

"चहा ठेवतो," यादवकाका म्हणाले आणि घाईनं स्वयंपाकघरात गेले.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. श्रावणकाका गादीवर बसले. बाजूला रिमोट पडला होता. त्यांनी तो उचलला आणि अंगठ्यानं सराईतपणे बटणं दाबत मेनूत शिरले. खाली, खाली, अगदी तळाला. ओव्हरस्कॅन, चालू. तिथे थांबले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माह्या घरच्या टीव्हीत बी आहे हे," ते हळू आवाजात म्हणाले. "पयल्या दिवसापासून."

आतून कपबशांचा आवाज येत होता. त्यांनी मेनू बंद केला, रिमोट होता तिथेच, होता तसाच तिरपा ठेवला.

"राहू द्या, म्याडम. एकटा मानूस आहे. कायीतरी काम पायजे त्यायले."

यादवकाका तीन कप घेऊन आले. एक मला दिला, एक गादीच्या कडेला ठेवला. श्रावणकाकांनी पडद्याकडे बघितलं, मान हलवली आणि चहाचा घोट घेत म्हणाले, "कवा सुधरल हे?"

"पाहून राह्यलो ना बे," यादवकाका म्हणाले. "वेळ लागते."

"लागू दे मंग. तुले कोन घाई करते?"

मी दोघांच्या मधे बसले होते. सांगायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. माझा चहा मी बाहेर ओट्यावर नेऊन प्यायले.